सोळाच्या पाढ्यात बसलेली चूक

माझ्या एका विद्यार्थ्याच्या वहीत, प्रमाण विचलनाच्या सूत्राखाली, ‘शेजाऱ्याने बदलले तर आपले पुसायचे’ असे वाक्य मला सापडले. मी संख्याशास्त्र शिकवतो. असले काही मी कधी सांगितलेले नव्हते. त्याला विचारले, तर तो म्हणाला, “सर, तुमच्याच तासाला लिहिलंय.” ते खरे होते. फक्त वाक्य माझे नव्हते. भिंतीपलीकडून आले होते. पलीकडच्या वर्गात इंगवले सर शिकवत होते.

शहाऐंशी-सत्त्याऐंशीची ही गोष्ट. कोल्हापुरातल्या आमच्या कॉलेजात तेव्हा नोकरी करणाऱ्यांसाठी संगणकाचा एक वर्षाचा संध्याकाळचा पदविका वर्ग नुकताच सुरू झाला होता. त्यासाठी इंगवले सरांना बोलावले होते. मूळचे कोडोलीचे. घरी शेती. सात वर्षे बंगळूरला संगणकाच्या कारखान्यात काढून आलेले, पण त्या सात वर्षांनी त्यांच्या बोलण्यातला एक ‘हाय’ही ‘आहे’ झाला नव्हता. आवाज असा, की माझ्या वर्गातली शेवटच्या बाकावरची मुले माझ्यापेक्षा त्यांना स्पष्ट ऐकत. मी एकदा तक्रार केली. ते म्हणाले, “आकडेवाले, तुमीबी मोठ्यानं बोला की. माझ्या पोरांना फुकट सरासरी शिकायला मिळंल.” त्या दिवसापासून मी ‘आकडेवाले’ झालो. पुढे आमच्या विभागप्रमुखांनी, म्हणजे साहेबांनी, मला त्यांच्या प्रयोगशाळेच्या मदतीला दिले, कारण माझे अक्षर चांगले होते आणि मी वेळेवर येत असे.

सरांचा आवडता विषय एकच. संगणकाचा प्रोसेसर वेगवान असतो आणि त्याची मुख्य मेमरी त्या मानाने संथ. म्हणून प्रोसेसर लागणाऱ्या मजकुराची एक प्रत स्वतःजवळच्या लहान, वेगवान मेमरीत ठेवतो. तिला कॅश मेमरी म्हणतात. अडचण अशी, की एका गोष्टीच्या दोन प्रती झाल्या की एक बदलते आणि दुसरी तशीच राहते. कुठली खरी, कुठली शिळी, आणि शिळी कधी पुसायची, ही काळजी ऑपरेटिंग सिस्टिमने घ्यायची. मला हे चार ओळींत सांगता येते, कारण सर ते चार आठवडे सांगत.

त्यासाठी ते वर्गात बालवाडीच्या दगडी पाट्या घेऊन येत. फळा म्हणजे मुख्य मेमरी. फळ्यावर एक आकडा लिहायचा, आणि पुढच्या बाकावरच्या चौघांनी तो आपापल्या पाटीवर उतरवून घ्यायचा. मग एकाला सांगायचे, “बदल.” तो सातचे नऊ करी. “आता काय करायचं?” त्याने ओरडायचे, आणि बाकीच्या तिघांनी आपला सात पुसायचा. हे विद्यार्थी म्हणजे कोणी तलाठी, कोणी बँकेतला कारकून, कोणी मुख्याध्यापक. चाळिशीतला माणूस दगडी पाटी हातात घेऊन “बदललं!” म्हणून ओरडायला लाजतो. सर सोडत नसत. “लाजू नगा. बदल करून गप बसणारा माणूस लई वाईट. चोर परवडला. चोरानं नेलंय ते कळतं तरी.”

फळा मात्र ते कधी पूर्ण पुसत नसत. बोटाने जेवढे चुकले तेवढेच पुसत. त्यामुळे त्यांच्यानंतर त्या वर्गात जाणाऱ्याला फळ्यावर बोटांचे ठसे आणि बेटांसारखे आकडे सापडत. कोणी म्हटले तर उत्तर तयार असे. “सगळं पुसणं हे भिणाऱ्याचं काम हाय. काय पुसायचं आनि काय ठेवायचं, हे ज्याला कळतंय त्यानं कशाला सगळं पुसावं?” स्वतःच्या शर्टाची बाही मात्र ते पूर्ण पांढरी करून घेत.

एवढा विषय कोळून प्यालेला माणूस घरात कसा असेल, असे कोणाच्याही मनात येईल. राजारामपुरीत ते दोन खोल्यांत राहत. त्यांच्या खिशात चिठ्ठ्यांची एक जुडी असे. एस.टी.चे वेळापत्रक, दळणाचा वार, नातेवाइकांची पत्रे, सगळ्याची प्रत ते स्वतःच्या हाताने करून खिशात ठेवत. मूळ कागद बघायला उठावे लागू नये म्हणून. एकदा त्यांच्या सासूबाई गुरुवारी येणार होत्या. मग दुसरे पोस्टकार्ड आले, की बुधवारीच येते. ते वहिनींनी वाचले आणि दाराजवळच्या खिळ्याला अडकवले. गुरुवारी सर स्टँडवर दोन गाड्या बघून, घाम पुसत घरी आले आणि म्हणाले, “आत्या काय आल्या न्हाईत. उद्या येतील बहुतेक.” सासूबाई तेव्हा त्यांच्याच खुर्चीत बसून शेंगा सोलत होत्या. आदल्या दिवसापासून घरातच होत्या. आदल्या रात्रीचे जेवण सरांनी नेहमीप्रमाणे पुस्तकात डोके घालून केले होते.

हे मला वहिनींनी चहा देता देता सांगितले. सर शेजारीच होते. वहिनी म्हणाल्या, “भावजी, ह्यांच्या मशिनला म्हणं शिळं चालत न्हाई. ह्यांना स्वतःला गेल्या आठवड्याचं चालतंय.”

“दुसरं कार्ड आलं तवा तू वरडली का?” सर म्हणाले.

“वरडाय काय झालंय? आई तुमच्या समोर भाकरी वाढत हुती.”

सरांनी मान्य केले, की हा मुद्दा बिनतोड आहे.

आमच्या प्रयोगशाळेत एक मशीन आणि त्याला जोडलेली आठ टर्मिनले, म्हणजे पडदा-कळफलकाच्या जोड्या, होती. चपला बाहेर काढून आत जायचे. आठही टर्मिनलांवर माणसे बसली की मशीन अगदी बैलासारखे चाले. सरांना ते सहन होत नसे. मशीनबरोबर ऑपरेटिंग सिस्टिमचा मूळ मजकूरही आला होता, आणि तो वाचायची अक्कल आमच्या कॉलेजात एकट्या सरांना होती. त्यांना त्यात दिसले, की मेमरीचा एखादा तुकडा एका माणसाच्या कामाकडून दुसऱ्याच्या कामाकडे गेला, की सिस्टिम दर वेळी कॅश पूर्ण रिकामी करते. “बघा, हितं पन भिणाराच बसलाय,” ते म्हणाले. दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी ते बदलले. गरज असेल तिथेच रिकामी करायची, नाही तर नाही. मी घड्याळ घेऊन बसलो. एक ठरावीक काम आधी चार मिनिटे दहा सेकंद घेत होते, ते दोन मिनिटे पस्तीस सेकंदांत झाले. मी तीनदा मोजले आणि वहीत लिहिले. सरांनी मला खांद्यावर इतक्या जोरात थाप मारली, की चष्मा खाली आला.

सुट्टीनंतर सगळे खूश होते. मशीन एकदम कसे सुधारले, हे कोणी विचारले नाही. आम्हीही कोणाला सांगितले नाही. आम्ही दोघेही.

मार्चमध्ये पोवारबाईंचे प्रकरण निघाले.

पोवारबाई राधानगरीकडच्या एका प्राथमिक शाळेत शिक्षिका. वय चौतीस. आठवड्यातून तीन दिवस शाळा सुटली की एस.टी.ने येत आणि सव्वाआठच्या शेवटच्या गाडीने परत जात. घरी म्हशी, दोन मुले, आणि ‘ह्या वयात कसली पदविका’ म्हणणारे दीर. बाई कमी बोलत, पण बोलल्या की सरांइतकेच स्पष्ट. त्यांनी प्रकल्प म्हणून शाळेच्या हजेरीपटाचा प्रोग्रॅम लिहिला होता. त्याची छापील प्रत विभागप्रमुखांकडे गेली आणि त्यांनी बाईंना बोलावून घेतले. त्यांच्या प्रोग्रॅममध्ये मध्येच चौदा-पंधरा ओळी माने नावाच्या दुसऱ्या विद्यार्थ्याच्या होत्या. अक्षर न् अक्षर तेच. पुढे आणखी एक लहान तुकडाही त्यांचाच.

बाई म्हणाल्या, “मी मान्यांचं बघितलंसुद्धा न्हाई.”

साहेब म्हणाले, “मग आकाशातून पडलं का? आणि हा प्रोग्रॅम तर चालणारसुद्धा नाही. म्हणजे सोबत जोडलेली उत्तरंही कुणाची तरी उतरवलेली.”

नियम साधा होता. नक्कल सिद्ध झाली तर पदविका रद्द, आणि नोकरी असलेल्याच्या संस्थेला पत्र. पत्र टाइप झाले होते. फक्त सही व्हायची होती. साहेब दुष्ट नव्हते. त्यांच्यासमोर दोन कागद होते आणि दोन्हींवर तोच मजकूर होता. त्यांच्या जागी मी असतो, तरी मला तसेच वाटले असते. त्यांनी बाईंना आठ दिवस दिले.

बाई सरांकडे आल्या. रडल्या नाहीत. छापील प्रत टेबलावर ठेवून म्हणाल्या, “सर, शाळेत पोरांची नक्कल मी पकडते. माझ्यावरच आलं तर मला त्या वर्गात उभं राहता येणार न्हाई. एवढं बघा.”

सरांनी कागद वाचला. मग पुन्हा वाचला. शेवटी म्हणाले, “आकडेवाले, हे मान्याचं लिखाण कुठं सुरू होतंय बघा.”

मी बघितले. ते एका शब्दाच्या मध्यात सुरू होत होते. बाईंच्या ओळीतला एक शब्द अर्धा तुटला होता आणि पुढे मान्यांच्या दुसऱ्याच शब्दाचा उरलेला अर्धा होता. शेवटही तसाच, शब्दाच्या मध्ये.

“नक्कल करणारा मानूस अर्ध्या शब्दापासनं नक्कल करतोय व्हय?” सर म्हणाले. “पयल्यापासनं अक्षरं मोजा. मोकळ्या जागा पन धरा.”

मोजणे हे माझे काम. लाल पेनाने दर दहा अक्षरांवर खूण करत मी त्या तुकड्याच्या सुरुवातीपर्यंत आलो. एक हजार दोनशे सत्त्याऐंशी. सरांनी सोळाने भागले. भाग गेला नाही. त्यांचा चेहरा उतरला. मी पुन्हा मोजले. तेवढेच. मग ते एकदम म्हणाले, “ओळी किती झाल्या?” एक्केचाळीस पूर्ण ओळी झाल्या होत्या. “ओळ संपली हे पन मशिनला सांगावं लागतंय की. ते बी एक अक्षरच. एक्केचाळीस मिळवा.”

एक हजार तीनशे अठ्ठावीस. सोळा त्र्याऐंशी.

आमच्या मशीनची कॅश मेमरी मजकूर सोळा-सोळा अक्षरांच्या कप्प्यांत ठेवत असे. मी पुढचे मोजले. मान्यांचा तुकडा चारशे अठ्ठेचाळीस अक्षरांचा होता. म्हणजे बरोबर अठ्ठावीस कप्पे. दुसरा, लहान तुकडा शहाण्णव अक्षरांचा; सहा कप्पे, आणि सुरुवात पुन्हा सोळाच्या पटीवरच. माणूस नक्कल करताना ओळी बघतो, वाक्ये बघतो. सोळाचा पाढा म्हणत नाही. बाई निर्दोष आहेत, हे माझ्यापुरते त्या क्षणी सिद्ध झाले. मी आनंदाने सरांकडे पाहिले. त्यांना आनंद झालेला नव्हता.

“कप्पा रिकामा करायचं मी कुठंतरी विसरलोय,” ते म्हणाले.

कुठे, ते शोधायला दोन दिवस गेले. उत्तर मशीनमध्ये सापडले नाही, स्टँडवर सापडले. माने गारगोटीचे. त्यांची गाडी साडेसातला. टर्मिनलवरून नीट रजा घ्यायला दोन मिनिटे लागत, आणि गाडी गेली की पुढची सकाळी. म्हणून माने रोज साडेसातला दहा कमी असताना टर्मिनलचे बटण बंद करून, चपला हातात घेऊन पळत सुटत. काम असे मध्येच तोडले, की सिस्टिम ते स्वतः आवरते, आणि त्या आवरण्याच्या वाटेवर कॅश रिकामी करायची राहिली होती. बंगळूरला कोणी असे पळत नसे, त्यामुळे सरांच्या डोक्यात ती वाट आलीच नाही. मान्यांच्या मागे त्यांच्या ओळी कॅशमध्ये पडून राहत. त्यांनी सोडलेला मेमरीचा तुकडा पोवारबाईंना मिळे. आणि काही वेळाने कॅश आपल्याजवळचे ते शिळे लिखाण खाली मुख्य मेमरीत उतरवे, बाईंच्या लिखाणावर. जोडलेली उत्तरे त्याआधीच्या, चांगल्या प्रतीची होती.

आम्ही मान्यांना बोलावून तसेच पळायला लावले. चाळीस वेळा बटण बंद केले. बिचारे माने हौसेने दर वेळी दारापर्यंत पळतही होते. चाळिसापैकी तीन वेळा त्यांच्या ओळी शेजारच्या टर्मिनलवर उतरल्या. तिन्ही वेळा सोळाच्या पटीवर.

विभागप्रमुखांच्या खोलीत सरांनी हे सगळे मांडले. मी माझी लाल खुणांची प्रत घेऊन बाजूला उभा होतो. साहेबांना अर्ध्या तासात पटले. ते मोकळे झाले आणि म्हणाले, “म्हणजे मशीन सदोष. बरं झालं. लिहून द्या. बाई सुटल्या, आणि कंपनीला आपण खरमरीत पत्र टाकू.”

सर म्हणाले, “मशीन चांगलं हाय, साहेब. मी बिघडवलं.”

साहेबांनी पेन खाली ठेवले. “इंगवले, तुमची कायम होण्याची फाईल वर गेलीय. हे तुम्हाला माहितीय ना?”

“व्हय.”

“तुम्ही काही बदललंत, हे कंपनीला कळणार नाही. इथेही कुणाला समजणार नाही. मलासुद्धा अर्धंच समजलंय.”

“म्हणूनच सांगाय पायजे. जे तुमाला कळनार न्हाई, ते मी न्हाई सांगितलं तर कोन सांगनार?”

मी म्हणालो, “वेळ मी मोजली होती, साहेब. मलाही माहीत होतं.” माझा आवाज वर्गात येतो त्याहूनही बारीक आला. सर माझ्याकडे वळून म्हणाले, “तुमी फक्त घड्याळ बघत हुता. गप बसा.” त्या खोलीत माझा सहभाग एवढाच. तो मला आजही पुरेसा वाटत नाही.

सरांनी तिथेच बसून दीड पान लिहिले. काय बदलले, केव्हा बदलले, कोणाला सांगितले नाही, आणि त्यामुळे काय झाले. त्यात ‘अनवधानाने’ हा शब्द साहेबांनी सुचवला. सरांनी तो घातला, वाचून बघितला आणि पुन्हा खोडला. बाईंच्या पत्राचा कागद साहेबांनी आमच्यासमोर फाडला. सरांची फाईल मात्र महिन्याने परत आली. त्यांना जूनपासून पुढे घेतले नव्हते. तोवर शिकवायचे, मशीनला हात लावायचा नाही. मशीन पुन्हा चार मिनिटे दहा सेकंदांवर आले, आणि आता सगळे कुरकुरू लागले.

बाई सुटल्याची बातमी त्यांना सांगायला मात्र सर त्याच दिवशी स्वतः गेले होते. साडेचार वाजता स्टँडवर त्यांची गाडी येते, तिथेच. मी बरोबर होतो. सर म्हणाले, “बाई, चूक माझी हुती. तुमच्या ओळी माझ्यामुळं गेल्या.”

बाई गाडीच्या वाटेतून बाजूला झाल्या. मग म्हणाल्या, “आठ दिवस मी घरात जेवले न्हाई, सर. दिरांनी ‘सांगितलं हुतं’ म्हणून बारा येळा ऐकवलं.”

“व्हय.”

“व्हय काय? त्यांना येऊन सांगा.”

सर त्या रविवारी राधानगरीकडे गेले आणि दिरांना सांगून आले. काय सांगितले, ते कळले नाही. वहिनी एवढेच म्हणाल्या, की परत आले ते खरवसाचा डबा घेऊन, आणि दिरांनी त्यांना गोठ्यातली प्रत्येक म्हैस नावासकट दाखवली.

तोंडी परीक्षा मे महिन्याच्या शेवटी झाली. तो सरांचा कॉलेजातला शेवटचा दिवस होता. बाहेरगावचे परीक्षक होते. सरांना आत जायची परवानगी नव्हती. ते जिन्याच्या पायरीवर बसून होते. मी यादी घेऊन दाराशी. पोवारबाईंचा क्रमांक एकोणीस. बाकीचे दहा-बारा मिनिटांत बाहेर येत होते. बाईंना चोवीस मिनिटे लागली. त्या आल्या आणि सर उभे राहिले.

“काय इचारलं?”

“कॅश. कधी रिकामी करायची, आणि न्हाई केली तर काय होतं.”

“मग?”

“मग काय, घडलेलं सांगितलं. आमच्या सरांनी एका ठिकाणी केली न्हाई, तर माझी पदविका चालली हुती, असं मी म्हणाले. परीक्षक हसाय लागले. मग वही काढून लिहून घ्यायला लागले.”

“चूक पूर्ण सांगितली न्हवं? का माझ्याकडं बघून अर्धीच?”

“पूर्ण.”

“आनि मान्याचं पळणं?”

“तेबी. पण सर, त्यांनी पुढं एक विचारलं. दोन प्रोसेसर असले तर, म्हणाले. ते तुम्ही शिकवलं न्हवतं.”

“दोन असले तर काय, सोपं हाय. पयल्यांदा—”

“थांबा,” बाई म्हणाल्या. “मी काय उत्तर दिलं, ते आधी ऐका. मधे बोलू नका.”

त्यांनी पर्स पायरीवर ठेवली आणि भिंतीवर बोटाने दोन चौकोन काढायला सुरुवात केली. माझ्या यादीतला विसावा क्रमांक आत जायचा होता, म्हणून मला वळावे लागले. नाव पुकारून मी परत पाहिले, तेव्हा बाई बोलत होत्या, आणि सर दोन पायऱ्या खाली, मान वर करून ऐकत उभे होते. मध्ये बोलत नव्हते.